पांढऱ्या फळ्याचे दोन फोटो

मानवी डोळ्याला न दिसणारं विश्व उलगडून दाखवण्याचं महान कार्य त्या तळघरात चालत असे. प्रत्यक्षात चालत असे ते एका पांढऱ्या फळ्याचे फोटो काढण्याचं, आणि ते काम गेली एकोणीस वर्षं काका करत होते.

काका म्हणजे नात्याने कुणाचेच काका नव्हेत, फिल्टर तपासणारे. डोंगरावरच्या दुर्बिणीचा कॅमेरा लाल रंगाच्याही पलीकडचा उजेड टिपतो. त्याच्यापुढे बशीएवढी काचेची चकती बसवतात, ती फिल्टर. त्या उजेडातला हवा तेवढाच पट्टा ती आत सोडते, बाकीचा दारातच अडवते. चकती सगळीकडे सारखी आहे की कुठे डाग आहे, हे काका ठरवत.

पद्धत सोपी होती. फळ्याचा एक फोटो दिवा बंद ठेवून, दुसरा दिवा लावून. दोन्ही पंधरा-पंधरा मिनिटांचे. पहिला दुसऱ्यातून वजा करायचा. भिंतीची ऊब, हवेची ऊब, जे जे दोन्हीकडे सारखं ते कटतं आणि फिल्टरचा गुण-दोष तेवढा उरतो. लाल रंगापासून सगळ्यांत लांबच्या पट्ट्याच्या फिल्टरमधून माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा दिसते. म्हणून फोटो चालू असताना खोलीत कुणी थांबायचं नाही, असा नियम होता. तो दारावर काकांनीच ठळक अक्षरांत लावला होता.

यंदा या लांबच्या पट्ट्याचे दोन फिल्टर नापास झाले. दोन्हीत उजव्या बाजूला एक उजळ डाग. काकांनी फिल्टर फिरवला. डाग फिरला नाही. दिवा बदलला, डाग बदलला नाही. पहिल्या फोटोत तो नसायचा, दुसऱ्यात असायचा, आणि फळ्याच्या उजव्या कडेला जिथे काकांची खुर्ची होती, बरोबर तिथे असायचा. काकांनी खुर्ची बाहेर काढली. डाग तिथेच राहिला, जमिनीपासून दीड फूट वर, बसल्यासारखा. काकांनी जाऊन हात फिरवला. हवा थंडगार होती. दोन दिवस ते उभ्याने काम करत राहिले, मग गुडघ्यांनी बंड पुकारलं आणि खुर्ची परत आत आली.

हे साहेबांना सांगायची सोय नव्हती. साहेबांनी फोनवर एवढंच म्हटलं, "तिसराही नापास झाला तर तळघराला कुलूप. तुम्हाला वर डोंगरावर पाठवू. हवा छान आहे."

काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या जिन्यावर तुम्ही दोनदा दम खाता. वर जायचंच असेल तर एकदाच जा. मी काही येत नाही."

निवृत्तीला चार वर्षं होती.

तिसरा फिल्टर गुरुवारी लागला. कॅमेरा गार ठेवायचा नायट्रोजन तेवढ्या एका चाचणीपुरताच उरला होता, आणि अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता. बाहेर कॉम्प्युटरवर डॉक्टर बसली होती. दीर्घिकांवर डॉक्टरेट करून आलेली मुलगी. तिच्या वाट्यालाही फळाच आला होता.

"काका, निघालात का बाहेर?"

"आलोच," काका आतून म्हणाले. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला ते खुर्चीत टेकले होते. डॉक्टरला तेवढं पुरलं. तिने दिवा बंद केला, बटण दाबलं आणि चहा आणायला गेली.

अंधार, गारवा, आणि चार रात्रींची राहिलेली झोप. काकांना जाग आली ती फोटो संपल्याच्या शिट्टीने.

डॉक्टर दोन कप घेऊन आली तेव्हा काका दाराबाहेर उभे होते, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखे. तिने दिवा लावून दुसरा फोटो सुरू केला. काका समोर बसून चहा प्यायले. काय दिसणार हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः फक्त पहिल्या फोटोत, म्हणजे वजाबाकीनंतर खुर्चीच्या जागी माणसाच्या आकाराचं काळं भोक. तेही मान खाली घातलेलं. कबुली कपातल्या शेवटच्या घोटापर्यंत पुढे ढकलायची, असं त्यांनी ठरवलं.

"काका!" डॉक्टर ओरडली. "अहो, स्वच्छ! एक डाग नाही!"

पडद्यावर सपाट, एकसारखा करडा रंग होता.

काकांनी कप खाली ठेवला. "सुटे फोटो दाखव."

पहिला उघडला. फळ्याच्या उजव्या कडेला पांढुरका माणूस, हनुवटी छातीवर.

"तुम्ही आत झोपला होतात? आणि नियम कुणाचा म्हणे?"

"माझाच. दुसरा दाखव."

डॉक्टर हसत होती, ती थांबली.

"चुकून पहिलाच परत उघडला वाटतं."

"वेळ बघ."

तिने वेळ बघितली. फळा दिव्याने उजळलेला होता. खुर्चीत माणूस होता. हनुवटी छातीवर.

"पण तेव्हा तुम्ही माझ्यासमोर..."

"चहा पीत होतो."

पंधरा मिनिटांच्या फोटोत श्वास घेणाऱ्याच्या छातीची कड जराशी पुसट येते. काका पडद्याजवळ वाकले.

दोन्हीकडे सारखीच पुसट होती.

मग डॉक्टरने अहवाल उघडला.

"काय लिहू?"

"डाग नाही."

"खाली विचारलंय, खोलीत कुणी होतं का."

"दोन्ही वेळा सारखंच, असं लिही."

"हो किंवा नाही, एवढंच आहे, काका."

काकांनी दाराकडे बघितलं. "नाही लिही."

फिल्टर डोंगरावर गेला. काका खालीच राहिले. तेव्हापासून पद्धत ठरून गेली आहे. पहिल्या फोटोला काका आत जाऊन खुर्चीत बसतात. दुसऱ्याला दोघं बाहेर चहा पितात, दाराकडे पाठ करून.

परवा काकांच्या अंगात एकशे दोन ताप होता.

"आज नको," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही जास्त उजळ याल."

काका तरी बसले. दोन्ही फोटोंतला माणूस नेहमीपेक्षा उजळ आला. फिल्टर पास झाला.