वेळणगडचा दर्या दरवाजा

खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या वेळणगडावर पहाट फुटत होती. सह्याद्रीच्या कड्यांवर तांबूस रेघ उमटली होती, आणि खाली, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांपलीकडे, एक परदेशी गलबत शिडे गुंडाळून नांगरावर झुलत होते.

त्या वर्षी घाटावर दुष्काळ पडला होता. गडाच्या अंबारखान्यातले धान्य रयतेस वाटावे असा सरकारातून हुकूम सुटला होता. परंतु किल्लेदार विसाजीपंतांनी ते धान्य परस्पर व्यापाऱ्यांच्या घशात घातले, आणि उपाशी माणसे घाट उतरून पायथ्याशी आली तेव्हा त्यांस सांगितले की, धान्य सरले, मात्र दक्षिणेच्या बंदरात तट बांधण्याचे काम निघाले आहे, जो जाईल त्यास पोटभर अन्न मिळेल. सुभ्याच्या कचेरीत या प्रकाराची कुणकुण होती. तिथेही वाटा पोचत असल्यामुळे विचारणा झाली नाही.

दर्या दरवाज्यावर रंगोजी कोंडे नाईक होता. त्याच्या इशाऱ्याने दरवाजा उघडे, माणसे होड्यांत बसत, गलबत निघून जाई. आजवर तीन खेपा झाल्या होत्या. त्याला शंका आली नव्हती असे नाही. पण त्याच्या घरी गडावरून धान्य जात होते, लेकरे जेवत होती, आणि तो मनाला बजावी की आपले काम दरवाजा उघडण्याचे, विचारण्याचे नव्हे.

त्या पहाटे रांगेतली गोजरा नावाची एक तरुण बाई त्याच्यासमोर थांबली.

"नाईक, माझा सासरा पाथरवट. उभा जन्म त्यानं तट बांधले. त्याला मागं ठेवलं, अन् या पोरींना नेताय. तटाच्या कामाला पोरी कशाला लागतात?"

रंगोजी पायऱ्या उतरून होडीपाशी गेला आणि तळाशी अंथरलेले झावळ्यांचे झाप त्याने स्वतःच्या हाताने उचलले. खाली लोखंडी बेड्या रचल्या होत्या; काही इतक्या लहान की त्या पोरींच्याच हातापायांत बसल्या असत्या.

तो परतला, त्याने दरवाजा लावून घेतला, अडसर सारला आणि त्याला पाठ लावून उभा राहिला. वर्दी मिळताच विसाजीपंत आले.

"नाईक, दरवाजा उघडा. सरकारी हुकूम आहे."

"सरकारचा हुकूम धान्य वाटण्याचा होता, पंत. माणसे विकण्याचा असेल तर तो या सर्वांदेखत मोठ्याने सांगावा. मी दरवाजा उघडतो."

रांगेने ऐकायचे ते ऐकले होते. बायका पोरींना ओढीत महादरवाज्याकडे धावल्या. पंतांनी शिपायांस हुकूम केला. बहुतेकांच्या माना खाली गेल्या, एकाने मात्र तलवार चालवली आणि रंगोजीचा खांदा चिरला गेला. तो कोसळला, तरी अडसरावरून त्याने हात काढला नाही. गडावर उठलेला गलका ऐकून गलबताने नांगर उचलला आणि ते रिकामेच गेले.

पुढे सुभ्याने चौकशी केली. विसाजीपंतांस अधिक मोठा किल्ला मिळाला. हुकूम मोडल्याच्या गुन्ह्याखाली रंगोजीची नाईकी गेली आणि तो पावसाळाभर कैदेत पडला.

सुटल्यावर तो घाट चढून गोजराच्या गावी गेला. ज्याने आपली माणसे वाचवली त्याचा मान करावा म्हणून गाव देवळापुढे जमला आणि पाटलाने त्याला बांधण्यासाठी कोरा शेला आणला. रंगोजीने पाटलाचे हात अडवले. आधीच्या तिन्ही खेपांना दरवाजा आपणच उघडला होता, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. शेला धरलेले हात खाली आले. गोजरानेही नजर वळवली.

मग बाळोजी नावाचा म्हातारा कोष्टी पुढे आला. तो शेला त्यानेच विणला होता. त्याची एकुलती लेक दुसऱ्या खेपेला गेली होती. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"नाईक, जाताना ती रडत होती का? एवढंच सांगा."

रंगोजीने खूप आठवून पाहिले. दरवाज्याचा करकराट आठवला, वल्ह्यांचा आवाज आठवला.

"मला ठाऊक नाही, बाबा," तो म्हणाला. "मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याने पाटलाच्या हातातला शेला घेतला, सावकाश त्याची घडी घातली आणि तो काखेत धरून आपल्या घराकडे चालू लागला. त्याला कोणी थांबवले नाही.