वेळेवर येऊ लागलेली एसटी

"सगळं उडवून नवीन टाकून देतो," दुकानदार म्हणाला, तशी सुषमाने काउंटरवरच्या सीपीयूवर दोन्ही हात ठेवले. जुन्या चादरीत बांधून, एसटीत मांडीवर घेऊन तिने तो मांडवगण फराट्याहून शिरूरला आणला होता.

"उडवायचं नाही. बँकेचं पान उघडत नाही, शाळेचे निकाल भरता येत नाहीत, तेवढं करून द्या."

"पण ताई, ह्यात विंडोजच न्हाई. कुणी कसलं काय टाकलंय…"

"विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम आहे, उबंटू," मागून आवाज आला. "फार जुनं झालंय, म्हणून पानं उघडत नसतील. पण ठेवलंय छान. कुणाचं काम?"

ती वळली. कंपनीचा निळा शर्ट, हातात नुकताच घेतलेला पेनड्राइव्ह, आणि उत्तराची खरीच वाट बघणारे डोळे.

"वडिलांचं… ते असायचे तेव्हाचं."

त्याने पुढे काही विचारलं नाही. तेवढ्यावरच तो तिला बरा वाटला.

त्याचं नाव सत्यजीत, मूळचा दौंडचा. सणसवाडीच्या एका कंपनीत मशिनांची देखभाल बघायचा आणि रविवारी घरी जायचा. "मांडवगण वाटेवरच आहे, येऊन करून देतो," असं तो इतक्या सहज म्हणाला, की ते वाटेवर मुळीच नाही, हे तिच्या परतीच्या एसटीत बसल्यावर ध्यानात आलं.

पहिल्या रविवारी त्याने तिच्या वडिलांचे, आप्पांचे, फोटो, भजनं, सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मग मिंट नावाची नवी सिस्टीम टाकली. बँकेचं पान उघडलं. निकालही भरता आले. काम खरं तर तिथंच संपलं होतं.

"स्क्रीनवरची ही चिन्हांची पट्टी खाली का?" सुषमा म्हणाली. "आप्पांची डावीकडे होती."

"सरकवतो."

"आणि हा रंग?"

"बदलतो."

पुढच्या रविवारी अक्षरं वेगळी दिसतात म्हणून डेबियन आलं. मग खिडक्या विचित्र उघडतात म्हणून फेडोरा. तेही नको झालं, तेव्हा पुन्हा मिंट.

"पाव्हणं, च्या घ्या," आई, गीताबाई, कप ठेवत म्हणायची. "तिचं मनावर घेऊ नका. साडीच्या दुकानातबी आशीच करती. समदी गादी भरून साड्या काढाय लावती आन् उठून येती."

"मॅडम, एवढी तर कुणी स्थळंसुद्धा नाकारत नाही," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"स्थळं मी याहून जास्त नाकारलीत."

"म्हणजे… यादीत अजून जागा आहे तर."

ती काहीतरी खरमरीत बोलणार होती. पण त्याचे कान लाल झालेले दिसले, आणि तिने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

त्यानंतरच्या रविवारी मात्र तो गाडीवरून उतरतो न उतरतो तोच ती दारात उभी.

"तुमच्या या सिस्टीमपायी माझी एसटी चुकतेय."

"सिस्टीमपायी?"

"इतकी वर्षं ती रोज उशिरा यायची. सकाळी ओट्यापाशी उभं राहून आप्पांच्या स्क्रीनवरचं घड्याळ बघायचं, निवांत निघायचं, तरी मिळायची. तुम्ही आलात आणि एसटी वेळेवर यायला लागली. मुख्याध्यापक रोज घड्याळाकडे बघतात."

आत येऊन त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तो हसला. थांबायचा प्रयत्न केला, आणखीच हसला.

"हसू नका. त्या घड्याळात काहीतरी बिघडवलंय तुम्ही."

"घड्याळ अगदी बरोबर आहे. नेटवरून वेळ घेतं ते." आता त्याचाही संयम सुटला. "तुम्हाला पट्टी नको, अक्षरं नकोत, मिंट नको, फेडोरा नको. आता वेळेवर येणारी एसटीसुद्धा नको. तुम्हाला आप्पा होते तसं सगळं हवंय, आणि ते… ते मला नाही करता येणार, सुषमा."

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली होती, आणि तीही अशी.

"मग येऊ नका," ती म्हणाली.

त्याने हेल्मेट उचललं. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली.

"आगं, त्येचा काय दोष? घड्याळ आप्पाच फुडं ठेवायचे. धा मिनटं. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"कालेजात असल्यापास्नं. तुझी रोजची एसटी चुकायची न्हाई का? मला म्हणले, पोरीला सांगू नगंस. सांगितलं की ती धा मिनटं धरून आणिक निवांत बसंल."

सुषमा खुर्चीत बसली. एसटीचा किती राग केला होता तिने इतकी वर्षं. जेवताना आप्पांपाशी तक्रारही करायची. आप्पा भाकरी मोडत नुसते "हं" म्हणायचे. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

हेल्मेट परत टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"जुन्यात नेटची वेळ बंद केलेली दिसली होती मला," सत्यजीत हळू म्हणाला. "वाटलं, चुकून राहिली असेल. मी विचारायला हवं होतं. आत्ता करतो पुढे… दहाच ना?"

त्याने माउस धरला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"नको."

"का?"

"आता मला माहीत झालंय. आता त्याचा उपयोग नाही." तिने स्क्रीनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बरोबरच असू दे."

"आणि पट्टी?"

"राहू दे खालीच."

"अक्षरं?"

"वाचता येतात."

एवढं मनासारखं झालेलं काम, पण त्याचा चेहरा एखाद्याची बदली झाल्यासारखा.

"म्हणजे… आता यायला काही कारणच उरलं नाही."

"कारण लागतंच का?"

"काकींना काय सांगू, कशाला आलो म्हणून?"

"मला काय सांगू नगा," आई आत जाता जाता म्हणाली. "माझी चटणी करपाय लागलीया."

"आईला नंतर सांगा," सुषमा म्हणाली. हात तिने अजून उचलला नव्हता. "आधी मला सांगा."

त्याने सांगितलं. अडखळत, मध्येच की-बोर्डकडे बघत, एक वाक्य अर्धवट सोडून दुसरं धरत… पण सांगितलं.

तिने ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि वैतागून म्हणाली, "एवढं बोलायला तुम्हाला इतक्या सिस्टीम बदलाव्या लागल्या?"