रुखमाबाईच्या पेशी

भर दुपारी सोनाळ्याच्या फाट्यावर पूनम एसटीतून उतरली तेव्हा काम दहा मिनिटांचं होतं. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झालीय, म्हाताऱ्या रुखमाबाईचं रक्त पुन्हा घ्यायचं, संपलं.

तिच्या प्रयोगशाळेत म्हातारपणावर संशोधन चालायचं, त्यासाठी ती दर काही महिन्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांचं रक्त घेऊन जायची. पेशीतला डीएनएचा लांबलचक धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ती रिळं जागच्या जागी बसवणारा एक जनुक आहे, हिरा नावाचा. वय झालं की त्याचं काम ढेपाळतं आणि रिळं विस्कटतात. मशीन नीट चालतंय ना, हे बघायला पूनम दर खेपेला स्वतःचंही रक्त तपासायची. या खेपेचा अहवाल भलताच आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रुखमाबाईच्या पेशी तिशीच्या, आणि तिशीतल्या पूनमच्या ऐंशीला टेकलेल्या!

चूकच, दुसरं काय? पण लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले होते, तिसरा महिना चालू होता. तो आकडा वाचून ती दुसऱ्याच दिवशी निघाली होती.

रुखमाबाईचा तिच्यावर भारी जीव. पूनमला मूल नाही हे कळल्यापासून दर भेटीत ती तिची ओटी भरायची. रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे पूनमने परत तिच्या सुपात टाकायचे. "तुह्यातले दोन दाणे मलेई राहू दे, पोरी," असं म्हणून म्हातारी ते मुठीत गच्च धरायची.

रुखमाबाईच्या दारात तिची सून सारिका उभी होती. चेहरा पांढराफटक पडलेला.

"ताई, बरं झालं आल्या... आमच्या बुढीले काय झालं, मले तर समजूनच नाही राह्यलं."

न्हाणीत कुणीतरी ओकत होतं. मग पदराने तोंड पुसत रुखमाबाई बाहेर आली. अंबाडा काळाभोर. तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात.

"बस ना, पोरी," ती हसली. "आंबट खावंसं वाटते हो मले... तिसरा लागला."

पूनमचा हात आपसूक पोटावर गेला. कुर्त्याखाली सैल, सुरकुतलेली कातडी हाताला लागली. ती भिंत धरून खाली बसली.

सारिका लगबगीने पाण्याचा गडवा घेऊन आली. तिने पूनमकडे नीट निरखून पाहिलं.

"घ्या, आजी... एवढ्या उन्हाच्या कुठून आल्या तुम्ही? कोण पाह्यजे?"