आशाबाईचा टोंगळा

“आई, डॉक्टरनं असं सांगतलं होतं काय? तू सांग. तू सांगशील तेच खरं.”

प्रफुल्ल दारात उभा होता. शेतातून, लाखोळीच्या बांधीतून तसाच धावत आलेला, पायाला माती, कपाळाला घाम. पलंगावर आशाबाई रडून रडून थकून पडली होती, आणि पलंगाच्या पायथ्याशी तिची सून रंजीता बसली होती, जिच्या ओंजळीत अजूनही सासूची टाच होती. शेजारची गुणाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनंच तर आरडाओरडा ऐकून प्रफुल्लला बांधीतून बोलावून आणलं होतं. आशाबाईच्या उजव्या टोंगळ्याचं, म्हणजे गुडघ्याचं, ऑपरेशन होऊन, आतला झिजलेला सांधा काढून नवा बसवून, आज अठरावा दिवस होता.

“टोंगळा रोज वाकवाच लागते म्हणे डॉक्टर,” रंजीता हळूच म्हणाली. “रडल्या तरी थांबायचं नाई म्हणाले. आईच्या समोरच सांगतलं.”

सगळ्यांच्या नजरा आशाबाईकडे वळल्या.

तिला आठवत होतं. अक्षर न् अक्षर आठवत होतं! चंद्रपूरच्या दवाखान्यातली खिडकीजवळची ती खाट, तो तरणाताठा डॉक्टर, त्यानं रंजीताचा हात धरून आशाबाईच्या टाचेवर ठेवला होता आणि म्हणाला होता, “आजी, आज हिनं तुमच्यावर दया केली, तर पाय जन्मभर काठीसारखा ताठ राहील.” आशाबाईनं मान डोलावली होती. पण ते दुखणं… दोन बाळंतपणं झाली, पस्तीस वर्षं कंबरेत वाकून धानाची रोवणी केली, पण असलं दुखणं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. टोंगळा वाकायला लागला की डोळ्यांपुढं काळोख यायचा. आता ‘हो’ म्हटलं, की उद्या सकाळी पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच.

“मले तं काही आठवत नाई,” आशाबाई म्हणाली.

गुणाबाईनं तोंड उघडलं. “जंगलातली पोरगी बापा, तिले कुठची दयामाया.” हे ऐकून आशाबाईच्या जिवाला चटका बसला, पण जीभ काही हलली नाही. प्रफुल्ल मात्र बायकोकडे न बघताच म्हणाला, “तू काही दिवस मायच्या घरी जाऊन ये.”

ओंजळीतली टाच रंजीतानं हळूच, जणू झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं तशी, उशीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती गेली.

चार वर्षांपूर्वी ती या घरात आली होती. एटापल्लीच्याही पुढं, जंगलातल्या एका टोल्यावरची, लहानशा वस्तीतली, गोंडाची पोर. रस्त्याच्या कामावर असताना प्रफुल्लनं तिला पाहिलं आणि हट्टानं लग्न केलं. आशाबाईनं दात-ओठ खाऊन होकार दिला होता. आणि त्याच पोरीनं दवाखान्यात अकरा दिवस खाटेखाली फरशीवर झोपून काढले. शौचाचं भांडं दिलं, केस विंचरले, भात कालवून भरवला. नर्स म्हणायच्या, “आजी, मुलगी गुणी आहे हो तुमची.” आशाबाई ‘सून आहे’ असं कधी म्हणाली नाही, कारण मुलगी म्हटलेलं तिला गोड वाटायचं. मग आपली ती मुलगी, त्या दिवशी खोलीत एका क्षणात जंगलातली कशी झाली?

ती गेली आणि आराम आला. कोणी पाय वाकवेना. गुणाबाई दुपारी मोहाच्या बियांचं कोमट तेल चोळून द्यायची, टोंगळ्याखाली मऊ उशी सरकवायची. बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच आशाबाईला स्वतःचीच लाज वाटायची. न्हाणीत शौचाला बसायला प्लास्टिकच्या खुर्चीचं बूड कापून सोय केली होती ती रंजीतानंच. त्या खुर्चीवर बसताना आशाबाई भिंतीकडे तोंड करायची. प्रफुल्ल सकाळी भात करपवायचा आणि काही न बोलता खायचा. दोनदा त्यानं बायकोला फोन लावला, दोन्ही वेळा तिनं पलीकडून एवढंच विचारलं, “आईचा पाय कसा हाय?” तेवढं ऐकून आशाबाईनं तोंडावरून पदर घेतला.

आणि पाय? पाय दिवसेंदिवस लाकूड होत चालला होता. मार्चमध्ये तपासणीला चंद्रपूरला नेलं, तर डॉक्टरनं टोंगळा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे काय, आजी? अर्धासुद्धा वाकत नाही. तुमची ती मुलगी कुठं आहे? सगळं तर तिला शिकवलं होतं मी.”

प्रफुल्ल खुर्चीतून उठला. “साहेब, रडली तरी थांबायचं नाई, असं तुम्ही सांगतलं होतं काय?”

डॉक्टर उत्तर देणार इतक्यात आशाबाईच बोलली. कशी बोलली तिचं तिलाही कळलं नाही.

“सांगतलं होतं. माह्या समोर सांगतलं होतं. मी खोटं बोलली, प्रफुल्ल.”

डॉक्टर दोघांकडे पाहत राहिला. अजून चार-सहा आठवडे हातात आहेत, तो म्हणाला, त्यानंतर मात्र जे वाकेल तेवढंच राहील. प्रफुल्लनं कागद घेतले आणि आईला धरून बाहेर आणलं. परतीच्या बसमध्ये तो तिच्या शेजारी बसला नाही, मागच्या सीटवर बसला. आष्टीला गाडी थांबली तेव्हा त्यानं चहा आणून तिच्या हातात दिला, कप रिकामा होईपर्यंत उभा राहिला, पण बोलला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तरी सोसल्या असत्या!

घरी आल्यावर तो उंबऱ्यावर बसला. “मी कोणत्या तोंडानं जाऊ तिच्याकडं, आई? मीच तं हाकललं.”

“तू नोको येऊ,” आशाबाई म्हणाली. “तू आला तं ते तुह्याकडं पाहून येईन. तोंड माह्यं काळं झालं हाय, मीच जातो.”

“अशा पायानं?”

“हो, अशाच पायानं.”

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लनं तिला एसटीत चढवलं. ती पायरी! चांगल्या पायाच्या माणसाला उंच वाटणारी ती पायरी चढताना मागून मुलानं ढकललं, पुढून कंडक्टरनं बगलेत हात घालून ओढलं. ताठ पाय सीटच्या पुढं मावेना, तो मधल्या वाटेत लांब करून ठेवला, आणि आलापल्लीपर्यंत चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस त्या पायाला ओलांडून गेला. “बाई, पाय जरा आत घ्या ना,” एक जण म्हणाला. आत घेता आला असता तर ही बाई या गाडीत कशाला बसली असती, बापा… आलापल्लीला गाडी बदलली, एटापल्लीला उतरून त्या टोल्याकडे जाणारी जीप धरली, आणि दुपार कलताना ती रंजीताच्या बापाच्या, दसरूभाऊच्या, अंगणात वॉकर टेकत उभी राहिली. अंगणभर मोहाची फुलं वाळत घातली होती. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून ती कडेकडेनं चालली.

वाटभर तिनं मनाशी सगळं घोकलं होतं. दसरू काय काय बोलेल, तिची माय सोमारी कशी अंगावर धावून येईल, आणि आपण मान खाली घालून ऐकून घ्यायचं. पण सोमारी लोटाभर पाणी घेऊन लगबगीनं आली. तिनं आशाबाईला बाजेवर बसवलं, खाली बसून स्वतःच्या हातानं तिचे पाय धुतले, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “इहीनबाई, तुमच्यासारखी सासू मी पाह्यली नाई.”

आशाबाईला काही कळेना.

“तुमचा पाय असा, अन् तरी तुम्ही पोरीले धाडलं,” दसरू म्हणाला. “रंजीतानं सांगतलं. सासू म्हणे, माह्यं मी पाहतो, तू मायच्या मदतीले जा. यंदा पोरीच्या मायची तब्येत बरी नाई. झाडाखालचा पाला पोरीनंच साफ केला, आता मोहही तेच वेचते. तुम्ही धाडलं नसतं तं आमचा मोह झाडाखालीच सडला असता.”

कुंपणापाशी दोन-तीन बाया जमल्या होत्या. अशी सासू कशी दिसते ते पाहायला त्या आल्या होत्या, हे त्यांच्या हसऱ्या तोंडावरूनच समजत होतं. आणि त्यांच्यामागून, डोक्यावर टोपली घेऊन, रंजीता आली. सासूला पाहून ती जागीच थांबली. तिनं सगळं ओळखलं असावं, कारण तिनं मान किंचित हलवली, नाही म्हणून. सांगू नका, आई.

सुटकेची वाट समोर उघडी होती. ‘चाल पोरी, घरी चाल,’ एवढं म्हटलं असतं तर हसतखेळत निरोप मिळाला असता, वर मोहाची एक पोटली बांधून मिळाली असती. आपण हिच्याविरुद्ध खोटं बोललो, आणि ही आपल्यासाठी खोटं बोलली! आपली अब्रू हिनं या चुलीपाशी दीड महिना सांभाळली… एकदा गप्प राहून सुटलो होतो, आणि त्या सुटकेत एक रात्र सुखाची गेली नव्हती.

“दसरूभाऊ,” ती म्हणाली, “मी हिले धाडलं नाई. मी हिले हाकलली.”

मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरचं बोलणं, गुणाबाईचं बोलणं, स्वतःचं न बोलणं. थांबत थांबत, पदरानं नाक पुसत, पण काही गाळलं नाही. दसरूनं लेकीला गोंडीत काही विचारलं. तिनं मान खाली घातली. सोमारी, जिचे हात अजून पाय धुतल्याच्या पाण्यानं ओले होते, उठून उभी राहिली आणि दोन पावलं मागं सरली.

रंजीतानं टोपली खाली ठेवली. घर सोडताना जी रडली नव्हती ती आता ओक्साबोक्शी रडायला लागली.

“काऊन सांगतलं, आई? मायले वाटत होतं मी सुखात हाय. तेवढं तं राहू द्यायचं होतं.”

या एका वाक्यानं आशाबाई खचली. माफी मागायला आलेल्या आपण या घरातलं आणखी एक सुख मोडलं. ती बाजेवरून उठली, वॉकर सोडला, आणि सोमारीच्या पायाशी बसायला म्हणून खाली वाकली. कंबर वाकली, डावा पाय वाकला, उजवा टोंगळा मात्र हलेना. खोटं बोलून जो वाचवला होता, तो खांबासारखा ताठ उभा राहिला. तिचा तोल गेला. रंजीतानं झेप घेऊन तिला छातीशी धरलं नसतं तर ती अंगणातल्या फुलांवर आडवी झाली असती.

“वाकत नाई व माय,” सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडत होती, “माफी मागाले आली, अन् वाकतच नाई.”

मग सोमारीनं पडलेला वॉकर उचलून बाजेला टेकवून ठेवला.

“मोह सरेपर्यंत पोरगी येत नाई,” ती म्हणाली. आवाजात आता पहिलं कौतुक नव्हतं. “जावई न्यायले येईन, माह्यासमोर बोलन, मग धाडीन. तोवर तुम्ही इथीच राहा.”

व्याह्यांच्या घरी सासूनं मुक्काम करायचा! आशाबाईच्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता. तिनं मान डोलावली.

रंजीतानं तिला बाजेवर आडवं केलं. टोंगळ्याखाली कोणीतरी उशी आणून ठेवली होती, ती काढून बाजूला टाकली. पदरानं डोळे पुसले, हात पुसले, आणि पायथ्याशी बसून सासूची टाच हातात घेतली.

“लई दिवस गेले, आई. आता पहिल्यापेक्षा जास्त दुखन.”

“दुखू दे.”

“मी थांबनार नाई.”

“थांबू नोको.”

“तुम्ही ओरडाल. टोल्यावरचे लोक धावत येतीन.”

“येऊ दे,” आशाबाई म्हणाली. “मी सांगीन त्याइले.”

रंजीतानं टाच धरून पाय मागं रेटला. आशाबाई ओरडली, सगळ्या टोल्याला ऐकू जाईल अशी ओरडली. तिचा हात सुनेच्या हाताकडे गेला, आणि त्या हाताला मागं न सारता तिनं तो घट्ट धरून ठेवला.