पाळीबाहेरचा पाहुणा

चिंचपाड्याच्या दवाखान्याबाहेर लिडियाची टोपली उसवली आणि सीताफळं घरंगळत एका परक्या तरुणाच्या पायाशी गेली. त्यानं ती वेचली, खिशातला चाकू काढला, बांबूची कामटी सोलली अन् टोपली विणून दिली. अशी घट्ट, की पुढे लिडिया तिच्यातून पाणी आणायची. खोटं वाटत असेल तर टोपलीला विचारा.

"कुठला रे तू?"

"ब्रह्मदेश. तिकडे... लढाई."

नाव थांगा. घर जळालेलं, सोबत आजारी आई, खिशात निर्वासिताचा कागद. दवाखान्याजवळ राहणं भाग होतं. पण ठेवायचं कुणी? एकाच गावावर भार नको म्हणून सीमेवरची तीन गावं बसली — दोन महाराष्ट्रातली, एक गुजरातचं. मोठमोठे देश ज्यावर वर्षानुवर्षं भांडतात, ते आमच्या लोकांनी दुपारच्या जेवणाआधी मिटवलं. दोन-दोन महिने, पाळीपाळीनं.

पहिली पाळी लिडियाच्या गावाची. घर तिच्याच बापाचं, इमॅन्युएलचं.

थांगा अंगणात कामट्या सोलायचा. लिडिया समोर बसून तांदूळ निवडायची — तेच तांदूळ, तीनदा.

"इकडे बघू नकोस, बोट कापेल."

"कापलं तर... दोन दिवस जास्त राहीन."

बोट काही कापलं नाही. पाळी संपली. गुजरातच्या गावाहून तिथल्या सरपंचाचा, उदेसिंगचा निरोप आला, "आमचा पाहुणा पाठवा." रतिलालचा टेम्पो दारात उभा राहिला.

"चाल भो, उशीर हुई ऱ्हायना!"

थांगाची आई टेम्पोत पुढे बसली. थांगानं बिछाना उचलला. आता चार महिने तो दुसऱ्यांच्या अंगणात... आणि पुढचं कुणी सांगावं?

"बाबा," लिडिया म्हणाली, "पाळी कुणाला असते?"

"पाहुण्याला."

"आणि घरजावयाला?"

इमॅन्युएलनं विडी विझवली. आमच्याकडे सासऱ्याचं शेत कसायला जो जावई घरी राहिला, तो त्याच गावाचा. "घरजावई कुठं गावोगाव फिरवतात?" तो म्हणाला.

थांगा गोंधळला. "घरजावई... म्हणजे?"

"म्हणजे पाच वर्षं बाबांचं शेत नांगरायचं. आणि... जन्मभर माझं ऐकायचं."

थांगानं बिछाना खाली ठेवला. "शेत सोपं आहे," तो म्हणाला.

आई त्याच्याआधीच टेम्पोतून उतरली होती.

"मंग मी रिकामाच जाऊ का?" रतिलाल करवादला.

लिडियानं त्याच्या हाती ती टोपली दिली. "उदेसिंगकाकांना सांगा, लग्नाचे तांदूळ त्यांच्या गावानं द्यायचे. वाटणी म्हणजे वाटणी. आणि टोपली लवकर परत आणा — मला पाणी भरायचंय."