पुलावरचं एकेचाळिसावं माणूस

कॉमिकचं परीक्षण लिहायला बसण्याआधी भिंग मोजायला बसायचा. ऑफिसात सगळे त्याला भिंगच म्हणत, आणि ते नाव त्यानं कष्टानं कमावलेलं होतं. नायकाच्या झग्याला दहाव्या पानावर चार बटणं आणि अकराव्यावर पाच, हे अख्ख्या शहरात फक्त त्याला दिसायचं. आधी मोजणी, मग वाचन, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. गोष्टीत रमलं की माणूस आंधळा होतो, असं तो म्हणे.

'प्रहरी'च्या एकशे बाराव्या अंकाची कच्ची प्रत मंगळवारी सकाळी त्याच्या टेबलावर आली. सहा महावीरांच्या या चमूवर तो पहिल्या अंकापासून लिहीत होता. प्रकाशनाच्या संपादिकाबाई त्याला प्रत आधी पाठवत, त्यात चुका आयत्या सापडाव्यात हा हिशेबही असे. या अंकात एक पूल कोसळतो. चमूतली शिळा नावाची वीरांगना खांब होऊन उभी राहते, झोत नावाचा वीर लोकांना उचलून काठावर नेतो, आणि निवेदनाच्या पट्टीत लिहिलेलं असतं, 'पुलावर चाळीस माणसं होती. चाळीसच्या चाळीस वाचली.'

भिंगानं प्रत्येक डोक्यावर पेन्सिलीचा ठिपका देत पुलावरची माणसं मोजली. एकेचाळीस भरली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. अकराच्या सुमारास त्यानं खुशीत फोन लावला.

"बाई, सोळावं पान. पट्टीत चाळीस, चित्रात एकेचाळीस."

"तुमच्या डोळ्यांना कधी सुट्टी नसते का हो?" बाई हसल्या. "बरं झालं सांगितलंत. दुपारी पानं छपाईला जातायत. घेते दुरुस्त करून."

जेवण झाल्यावर त्यानं अंक वाचायला घेतला. सोळाव्या पानावर तो थांबला.

पुलावरच्या माणसांचे चेहरे म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. चित्रकारानं कष्ट वाचवले होते. कठड्याजवळची एक बाई मात्र पूर्ण रेखाटलेली होती. डाव्या भुवईत व्रण, चष्मा डोक्यावर चढवलेला, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. सगळे खाली पाण्याकडे बघत होते. ती पानाबाहेर बघत होती.

ती ताई होती.

आई गेली तेव्हा भिंग सहा वर्षांचा होता आणि ताई सतराची. तो जेवावा म्हणून ती शेजारी बसून कॉमिक वाचायची, प्रत्येक वीराचा वेगळा आवाज काढून. लग्नाचं कुणी विचारलं की "आधी हा मोठा होऊ दे" म्हणायची. तो पन्नाशीला टेकला तरी तिचं उत्तर तेच होतं. तिच्याशिवायच्या घराची कल्पना त्याला कधी करता आली नव्हती, आणि करायचीही नव्हती. चित्रकारानं ताईला पाहिलेलंही नव्हतं.

पेन्सिलीचा ठिपका तिच्या कपाळाच्या मधोमध पडला होता. त्यानं घरी फोन केला.

"काही नाही रे, पडलेय जरा," ताई म्हणाली. "कपाळात ठणका लागलाय. कुणी टोचल्यासारखा."

"कधीपासून?"

"अकरा वाजले असतील. का?"

त्यानं फोन ठेवला आणि बाईंना लावला. "ती पट्टी बदला. एकेचाळीस करा."

"अहो, पट्टी पुन्हा लिहायची म्हणजे अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा चित्रातलं एक माणूस खोडलं. पाच मिनिटांचं काम."

"कोणतं?"

बाईंनी फोन चित्रकाराकडे दिला.

"कठड्याजवळची बाई," चित्रकार म्हणाला. मग जरा घुटमळला. "खरं सांगू? तिला रेखाटल्याचं मला आठवतच नाही. जागा मोकळी दिसू नये म्हणून मागचा कठडा तिच्यावरून ओढून घेतला."

"परत घाला तिला. हात जोडतो."

"पानं गेली हो छापायला."

भिंगानं समोरच्या प्रतीकडे पाहिलं. त्याच प्रतीकडे, सकाळपासून त्याच्याच टेबलावर असलेल्या. ठिपके एकेचाळीस होते. एक ठिपका नुसत्या कठड्यावर होता.

तो उठला आणि पळत सुटला. रिक्षा मिळेना, म्हणून उरलेला रस्ताही पळाला.

दार नुसतंच लोटलेलं होतं.

ताई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. दाराला टेकून त्यानं श्वास घेतला.

"आज एवढ्या लवकर?"

"कपाळ कसंय?"

"थांबलं ठणकायचं. अंगही अगदी हलकं वाटतंय." तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "नवा अंक आला ना? पूल पडणार अशी जाहिरात होती म्हणालास. वाचले का सगळे?"

"हो," तो म्हणाला. "सगळे वाचले."

"मग रडतोस कशाला वेड्यासारखा?"

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "तू बोल, ताई. काहीही बोल. थांबू नकोस."

ताई हसली आणि बोलू लागली. शिळाचा जाड आवाज, मग झोताचा चिरका. तो मान हलवत ऐकत राहिला. तिच्या मागच्या भिंतीला गेल्या वर्षी पडलेली भेग त्याला छतापासून जमिनीपर्यंत, तिच्या अंगातूनही, सलग दिसत होती.