आनंदाबाईची कात

मी समुद्रपूरच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. करणी, उतारा, बाधा असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं की माझं डोकं फिरतं. स्टाफरूममध्ये या स्वभावाची थट्टा होते, होऊ दे. जे सांगतो आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या वर्षालीनं टॅरँटुला कोळी पाळला होता. मादी, तळहाताएवढी, काळी, केसाळ. तिच्या कॉलेजातल्या नीरजनं नागपूरहून आणून दिलेली. दिवसभर बिळाच्या तोंडाशी रुसून बसायची, म्हणून पोरीनं तिचं नाव आनंदाबाई ठेवलं. काचेची पेटी, आत नारळाचा भुसा, कोपऱ्यात झाडाच्या सालीचा तुकडा आणि त्याखाली बीळ. माझी बायको मोहिनी तीन वर्षांत त्या पेटीजवळ फिरकली नाही. "घरातली जाळी आपण झाडूनं काढतो, अन् ही पोरगी जाळंवालीलेच पोसून राह्यली," म्हणायची.

वर्षालीची एक वही होती, फक्त जाळ्याची. बिळाच्या तोंडाशी चार धागे ताणले म्हणजे ती बेल. बाहेर कोणी पाय टेकवला की आत कळतं. तोंड जाळ्यानं बंद केलं तर खायला देऊ नका, कात टाकायची वेळ आली. भुशावर पांढरी सतरंजी विणली तर तिच्यावर ती उताणी पडेल. मेली समजून हात लावू नका.

ती बेल वर्षाली स्वतः वाजवायची. उजव्या हाताच्या तर्जनीनं, दोनदा, थांबून, मग एकदा. "बाबा, बेल वाजवल्याशिवाय कोणाच्या घरात घुसते का माणूस?" त्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. सहा वर्षांची असताना आजोबांच्या गोठ्यात कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेलं होतं. चाक मी फिरवत होतो.

श्रावणात तिला चार दिवस ताप आला. वर्ध्याला न्यायला गाडी दारात उभी होती आणि ती आपल्या खाटेवरच गेली. वीस वर्षांची.

आमच्याकडे माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं पीठ पसरतात, मधोमध दिवा ठेवतात, वर टोपलं झाकतात. सकाळी पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते पाहतात. त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. मोहिनी पिठाची परात घेऊन आली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली. "पिठात पोरगी सापडत नाही," म्हणालो. लोकांसमोर.

"मले फक्त पाहाचं होतं, कुठं गेली ते," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही.

आनंदाबाईचं पाणी, खाणं मी बघू लागलो. तीन वर्षांत बिळाच्या तोंडापलीकडे तिनं फारसं जाळं केलं नव्हतं. तेरवीनंतर तिनं भुशावर विणायला घेतलं. मी वहीत तारीख टाकली आणि लिहिलं, कात येणार. सतरंजी बशीएवढी होईल असा अंदाज होता. आठवड्यात तिनं काचेपासून काचेपर्यंत सगळी जमीन झाकली. पांढरी, सपाट, एक सुरकुती नाही. फक्त मधोमध एक गोल तिनं मोकळा सोडला होता. ती रोज काठाकाठानं विणायची आणि त्या गोलावर पाय देत नव्हती.

मोहिनी दाराशी उभी होती. पुष्कळ वेळ पाहत होती.

"दिव्याची जागा सोडली तिनं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"दमट हवेनं होतं असं," मी म्हणालो. वहीत तसं कुठंच नव्हतं.

दोन दिवसांनी आनंदाबाई त्या गोलात उताणी पडली. मी शाळेला दांडी मारून समोर बसलो. संध्याकाळपर्यंत जुन्या कातडीतून नवी बाहेर आली, ओली, फिकट, आणि पाय ओढत बिळात गेली. लगेच तोंड बंद केलं. मी चिमट्यानं कात उचलून डब्यात ठेवली, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. आठही पाय मोजले. टोकापर्यंत शाबूत.

वर्षालीच्या त्या खोलीत बसायची मला भीती वाटायला लागली होती, हे आज कबूल करतो. रविवारी नीरजला बोलावलं आणि पेटी देऊन टाकली. मोहिनी ओट्यावर उभी राहून गाडी वळेपर्यंत पाहत राहिली.

बुधवारी नीरजचा फोन आला. "सर, बाहेर आली ती आज. पण पुढचा उजवा पाय टोकाला आखूड आहे. पह्यलेपासून होता का?"

"कातीत अडकून तुटला असेल."

"मंग टोक कातीतच सापडन, सर. पाहा ना."

मी कातीचा डबा उघडला. भिंगाखाली धरून पुढचा उजवा पाय पाहिला. नख्यांपर्यंत शाबूत आणि रिकामा, आत तुटलेलं टोक नाही. पुन्हा पाहिला.

मागे मोहिनी उभी होती. तिनं स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि लुगडं बदलून आली.

आम्ही नागपूरला गेलो. परतीच्या बसमध्ये तिनं पेटी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी, तान्ह्या लेकराला घेतात तशी. काचेवर तळवा टेकवला. बस जाम गावाला थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, इंजिन बंद झालं.

"किती वर्स जगते वो ही?" दीड महिन्यानंतर ती माझ्याशी बोलली.

"मादी वीस-पंचवीस वर्षं जगते."

"बरं."

मग तिनं मान खाली घातली.

"अवो, हे पाहा. माह्या हातापाशी येऊन काऊन असं करून राह्यली ही?"

"कसं?"

"आखूड पायानं काच ठोकते. दोनदा. मंग थांबते. मंग एकदा."

वर्षालीची ती बेल मोहिनीनं कधीच पाहिली नव्हती.

मी खिडकीकडे तोंड केलं. मला रडू आवरेना.

"सांगा ना," मोहिनी म्हणाली. "तुमाले तं सारं मालूम असते."